धुळ्याची ओळ, नंदुरबारचं पुस्तक: प्रचाराच्या एका आठवड्याचा प्रकरण अभ्यास

2024च्या विधानसभा निवडणुकीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची महाराष्ट्रातली पहिली प्रचारसभा 8 नोव्हेंबरला धुळ्यात झाली. त्या सभेत त्यांनी पाच शब्दांची एक ओळ दिली: ‘एक हैं तो सेफ हैं’. दोन-तीन दिवसांतच ती वर्तमानपत्रांतल्या मोठ्या जाहिरातीत उतरली. जाहिरातीत निरनिराळ्या समाजांची पागोटी, फेटे, टोप्या मांडलेल्या होत्या आणि त्यांना जोडणारी ही ओळ होती. 14 नोव्हेंबरला राहुल गांधी नंदुरबारला आले. त्यांच्याकडे लाल कव्हरची संविधानाची छोटी प्रत होती. 20ला मतदान झालं, 23ला निकाल लागला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या 20 जागांपैकी 19 महायुतीकडे गेल्या. नवापूरची एक काँग्रेसने राखली.

हा अभ्यास त्या आठवड्याचा आहे, आणि मुख्यतः त्या ओळीचा. प्रचाराच्या जाहिरातीबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा खर्चाबद्दल किंवा खोट्या दाव्यांबद्दल बोलतो. दोन्ही प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण धुळ्याहून निघालेल्या ओळीत खरं-खोटं तपासता येईल असं एकही विधान नव्हतं. तिच्यात आकडा नाही, आश्वासन नाही, प्रतिस्पर्ध्याचं नाव नाही, स्वतःच्या पक्षाचंही नाव नाही. तरीही ती दोन दिवसांत गावोगावच्या मोबाइलवर पोचली. माझ्या मते तिची सगळी ताकद तिने मोकळ्या सोडलेल्या दोन जागांत आहे. ‘एक’ म्हणजे कोण आणि ‘सेफ’ म्हणजे कुणापासून, हे ऐकणाऱ्यानेच भरायचं असतं. आणि माणूस दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर शंका घेतो, स्वतः भरलेल्या अर्थावर सहसा घेत नाही.

सभेची जागा

राजकीय प्रचारात जागा हीसुद्धा जाहिरातच असते, आणि खान्देशाला हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. डिसेंबर 1936मध्ये काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं ते काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मंडपाच्या सजावटीसाठी गांधीजींनी नंदलाल बोस यांना बोलावलं आणि त्यांनी बांबूसारख्या गावातल्याच साहित्यातून ते नगर उभं केलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, 1937च्या सुरुवातीला, प्रांतिक निवडणुका होत्या. शेतकऱ्यांचा कार्यक्रम फैजपूरच्या ठरावांत होताच, पण ठराव वाचता न येणाऱ्यालाही तापीकाठच्या शेतात उभा राहिलेला तो मंडप वाचता येत होता. काँग्रेस शहरातून खेड्यात आली, हे सांगायला वेगळं पत्रक लागलं नाही.

पुढे हेच नंदुरबारच्या बाबतीत घडत राहिलं. 29 सप्टेंबर 2010ला आधार योजनेचा प्रारंभ झाला तो दिल्लीत नव्हे, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत. मार्च 2024मध्ये राहुल गांधींची भारत जोडो न्याय यात्रा महाराष्ट्रात शिरली तीही नंदुरबारातूनच. ‘शेवटच्या माणसापासून सुरुवात’ हा संदेश द्यायचा असला की नेत्यांना सातपुड्याच्या पायथ्याचा हा जिल्हा आठवतो. तिथल्या कुपोषणाचं, स्थलांतराचं पुढे काय झालं हा प्रश्न मला कायम पडत आला आहे, पण तो या अभ्यासाचा विषय नाही.

मग 2024ला धुळं का? पंतप्रधानांचा त्या दिवशीचा दौरा धुळे आणि नाशिक असा होता, त्यामुळे प्रवासाची सोय हेही कारण असू शकतं. पक्षाच्या बैठकीत काय ठरलं ते बाहेरून सांगता येत नाही. पण धुळ्यात ती ओळ ऐकणाऱ्यांच्या मनात मे महिन्यात काय घडलं होतं, ते नोंदलेलं आहे.

लोकसभेच्या धुळे मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं येतात: धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, आणि नाशिक जिल्ह्यातली मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य व बागलाण. मे 2024मध्ये भाजपचे सुभाष भामरे यांना यांपैकी पाच ठिकाणी आघाडी मिळाली. ती सगळी मिळून सुमारे 1 लाख 90 हजारांची होती. मुस्लीमबहुल मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना त्याहून मोठी आघाडी मिळाली आणि त्या 3,831 मतांनी निवडून आल्या. देवेंद्र फडणवीस यांनी पुढे भाषणांतून या निकालाचा दाखला देत ‘व्होट जिहाद’ हा शब्दप्रयोग केला.

या नावाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एका वस्तीने एका उमेदवाराला एकगठ्ठा मत देणं ही भारतीय निवडणुकीत रोजची गोष्ट आहे. आपल्याकडे गावच्या गाव, भाऊबंदकीच्या भाऊबंदकी, तांडे आणि पाडे असं मतदान करत आले आहेत. त्याला आपण ‘गाव एक झालं’ म्हणतो. तेच दुसऱ्या धर्माच्या मोहल्ल्याने केलं की त्याला युद्धाचं नाव देणं, हे मन वळवण्याचं जुनं आणि घातक तंत्र आहे. शिवाय बागलाण आणि मालेगाव बाह्य हा कांद्याचा पट्टा. डिसेंबर 2023ला घातलेली निर्यातबंदी मतदानाच्या तोंडावर, मे महिन्यात उठली. भाजपची तिथली आघाडी अपुरी का पडली, याचं उत्तर कांद्याच्या भावातही शोधता आलं असतं. पण ‘पाच ठिकाणी पुढे आणि एका ठिकाणामुळे हरलो’ ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला झोंबणारी होती. नोव्हेंबरच्या सभेला आलेले कार्यकर्ते तीच गोष्ट मनात घेऊन बसले होते.

ओळीची बांधणी

ऑगस्ट 2024मध्ये योगी आदित्यनाथ यांनी आग्र्यात ‘बटेंगे तो कटेंगे’ म्हटलं होतं. महाराष्ट्राच्या प्रचारातही त्यांनी ते वापरलं. धुळ्याची ओळ त्याच कल्पनेतून आलेली, पण फिरवून मांडलेली. पहिलीत फक्त धोका आहे: फुटलात तर कापले जाल. दुसरीत तोच धोका न उच्चारता त्याची सुटका उच्चारलेली आहे: एक असलात तर सुरक्षित आहात.

हा फरक लहान नाही. भीती दाखवून मन वळवण्याचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार आढळली आहे. नुसती भीती घातली तर माणूस बरेचदा कान बंद करतो. भीतीबरोबर त्याच्या आवाक्यातला उपाय दिला तर तो हलतो. ‘बटेंगे तो कटेंगे’मध्ये उपाय आपण काढायचा असतो. ‘एक हैं तो सेफ हैं’मध्ये उपाय पहिल्याच शब्दात येतो आणि तो फुकट आहे. त्यासाठी काही शिकायचं, मिळवायचं किंवा सोडायचं नाही. 20 तारखेला बटण दाबायचं एवढंच. शिवाय ‘एक हैं’ हे वर्तमानकाळात आहे. ‘एक व्हा’ असा उपदेश त्यात नाही. तुम्ही एक आहातच असं गृहीत धरलं आहे, आणि गृहीत धरलेल्या गोष्टीला नाही म्हणायला वेगळं धैर्य लागतं.

राजकीय सोय वेगळीच. ‘बटेंगे तो कटेंगे’ महायुतीतल्या सगळ्यांना पचलं नाही. अजित पवार यांनी ते महाराष्ट्रात चालणार नाही असं उघड सांगितलं, पंकजा मुंडे यांनीही नापसंती दाखवली. फडणवीसांनी त्याचा बचाव केला. धुळ्याची ओळ मात्र यांपैकी कुणाच्याही तोंडी शोभली असती, कारण तिचा सौम्य अर्थ सांगायची सोय तिच्यातच होती. ‘सगळ्यांनी मिळून राहावं’ याला विरोध कोण करणार? कडक अर्थ हवा त्याने कडक घ्यावा, मऊ हवा त्याने मऊ.

आणि प्रत्यक्ष सभेत तिचा तिसराच अर्थ सांगितला गेला, याकडे फारसं लक्ष गेलं नाही. धुळ्याच्या भाषणात मोदींचा रोख काँग्रेस जातीजातींत भांडणं लावते या आरोपावर होता. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग यांना काँग्रेस आपसात झुंजवू पाहते, आदिवासी समाज वेगवेगळ्या जातींत विखुरला तर त्याची ओळख आणि ताकद जाईल, असा युक्तिवाद त्यांनी केला. म्हणजे भाषणाच्या मजकुरात ‘एक’ होते ते आदिवासी, दलित, ओबीसी. ओळ मंडपाबाहेर पडली तेव्हा हा मजकूर मागे राहिला. शहरातल्या कार्यकर्त्याने ‘एक’मध्ये हिंदू भरलं. शिरपूर-साक्रीकडच्या ऐकणाऱ्याला ‘एक’मध्ये भिल्ल, पावरा, कोकणा, मावची दिसू शकत होते. व्यापाऱ्याला देश दिसू शकत होता. प्रत्येकाची भीतीही वेगळी आणि ‘एक’ही वेगळा, तरी सगळ्यांनी म्हणायची ओळ तीच. वक्त्याला यांपैकी कुठल्याही अर्थाचा हिशोब द्यावा लागत नाही.

पागोट्यांचं पान

भाषणातली ओळ कानावर पडते आणि जाते. जाहिरातीत तिला चित्र द्यावं लागतं, आणि चित्रात मोकळी जागा ठेवणं जास्त कठीण. ‘एक’ कोण हे दाखवायचं तर चेहरे लागणार, आणि चेहरा आला की तो कुणाचा, गोरा की सावळा, म्हातारा की तरुण, हे ठरतं. जाहिरातीने डोक्यावरची वस्त्रं निवडली. या निवडीमागची कारागिरी मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. पागोटं दिसलं की माणसाची ओळख समजते, पण माणूस दिसत नाही. पाहणारा आपलं पागोटं शोधतो, ते सापडलं की त्याखाली आपलंच डोकं ठेवतो.

महाराष्ट्रात डोक्यावरचं वस्त्र कधीच नुसतं वस्त्र नसतं. धनगर समाजाच्या मेळाव्यात पिवळे फेटे दिसतात, आंबेडकरी सभांत निळे. 2018च्या जूनमध्ये पुण्यातल्या सभेत शरद पवार यांनी पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरण्याचा आग्रह धरला आणि त्यावर राज्यभर वाद झाला. कापडाच्या एका घडीवरून लोक जात, बाजू आणि इतिहास वाचतात. खान्देशात अजूनही लग्नाच्या पंगतीत पांढऱ्या टोपीवरून पिढी कळते, आणि पाहुण्याला टोपी-रुमाल देणं म्हणजे मान देणं. कुणाचं पागोटं उतरवणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जाहिरातीने सगळी पागोटी एका पानावर, एकाच मापात ठेवली, तेव्हा ‘तुमचा मान आणि दुसऱ्याचा मान आमच्याकडे सारखा’ हे एका नजरेत सांगून झालं.

आता याच पानाकडे त्या महिन्यांचा संदर्भ ठेवून पाहू. 2023पासून मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं होतं आणि ओबीसी संघटना त्याविरोधात उभ्या होत्या. धनगरांना अनुसूचित जमातीत घेण्याच्या मागणीवर आदिवासी आमदार इतके चिडले होते की 4 ऑक्टोबर 2024ला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली. ते स्वतः सत्ताधारी बाजूचे. साक्रीपासून नवापूर-अक्कलकुव्यापर्यंतच्या राखीव पट्ट्यात हा प्रश्न घराघरातला होता: आमच्या वाट्याच्या जागांत दुसरा कुणी येणार का? पानावर शेजारी-शेजारी ठेवलेल्या पागोट्यांखालची डोकी त्या वेळी एकमेकांच्या विरोधात मोर्चे काढत होती.

जाहिरातीने हा वाद सोडवला नाही, नाकारलाही नाही. तो चौकटीबाहेर ठेवला. आरक्षणाच्या वादात कुणीतरी दुखावणार हे नक्की असतं, म्हणून कुठल्याच सत्ताधाऱ्याला त्याचं सरळ उत्तर निवडणुकीत द्यायचं नसतं. अशा वेळी वाद करणाऱ्यांना एका मोठ्या ‘आपण’मध्ये बसवणं आणि धोका बाहेर आहे असं सुचवणं हा मार्ग उरतो. पान सुंदर होतं, पण धनगर आणि आदिवासी या दोघांनाही ज्याचं उत्तर हवं होतं ते त्यात नव्हतं. माझी या जाहिरातीवरची सर्वांत मोठी हरकत हीच आहे, आणि ती तिच्या धार्मिक सूचनेइतकीच गंभीर आहे.

आणखी एक गोष्ट. पागोट्यांच्या भाषेत बायका बसत नाहीत. ज्या निवडणुकीत लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये हा प्रचाराचा सर्वांत मोठा मुद्दा होता, महायुती 2,100चं आणि महाविकास आघाडी 3,000चं आश्वासन देत होती, त्याच निवडणुकीत ‘आपण सगळे’ म्हणून छापलेलं पान पुरुषांच्या डोक्यांचं होतं. यात विसंगती वाटेल, पण प्रचाराच्या हिशोबात ती नाही. बायकांसाठी खात्यात जमा झालेली रक्कम बोलत होती. आचारसंहिता लागण्याआधी जुलै ते नोव्हेंबरचे मिळून 7,500 रुपये अनेकींना पोचले होते. पुरुषांसाठी ओळख बोलत होती. दोन संदेश, दोन श्रोते, एकच मतपेटी.

नंदुरबारचं पुस्तक

समोरच्या बाजूचं प्रतीक होतं संविधानाची लाल कव्हरची छोटी प्रत. लोकसभेच्या प्रचारात ती राहुल गांधींच्या हातात सतत दिसली. मार्च 2024मध्ये भाजपचे कर्नाटकातले खासदार अनंतकुमार हेगडे यांनी लोकसभेच्या चारशे जागांच्या पक्षाच्या लक्ष्याचा संबंध संविधानबदलाशी जोडला, पक्षाने त्यापासून अंतर राखलं, पण विरोधकांना सूत्र सापडलं: चारशे आले तर संविधान जाईल, संविधान गेलं तर आरक्षण जाईल. भाजपने याला ‘फेक नॅरेटिव्ह’ म्हटलं. मे महिन्यात नंदुरबारची राखीव जागा काँग्रेसच्या गोवाल पाडवी यांनी दीड लाखाहून अधिक मतांनी जिंकली.

इथे प्रामाणिकपणे म्हणायला हवं की हेही भीतीचंच आवाहन होतं. एका खासदाराच्या बोलण्यातून सगळ्या समाजाचं आरक्षण जाण्यापर्यंतची उडी मोठी होती. फरक असा की या आवाहनात काय जाईल हे सांगितलेलं होतं. आरक्षण, वनहक्क, राखीव जागा: ज्याला पटत नाही त्याने त्यावर वाद घालावा अशी नावं होती. भाजपला ‘हे खोटं आहे’ असं म्हणता आलं, ते त्यामुळेच. धुळ्याच्या ओळीला कुणाला ‘हे खोटं आहे’ म्हणताच आलं नाही.

नोव्हेंबरमध्ये या प्रतीकावरच वार झाला. नागपूरच्या संविधान संमेलनात वाटलेल्या लाल पुस्तकांची आतली पानं कोरी होती, असा आरोप भाजपने केला आणि तो प्रचारात सर्वत्र फिरवला. लाल रंगावरूनही टीका झाली. नंदुरबारच्या सभेत राहुल गांधींनी उत्तर दिलं: ज्यांनी हे पुस्तक वाचलंच नाही त्यांना ते कोरं दिसतं, आणि रंग लाल की निळा याने फरक पडत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यांनी बिरसा मुंडांचं नाव घेतलं, आणि आदिवासींना ‘वनवासी’ म्हणण्यावर टीका केली.

सभेपुरतं उत्तर चांगलं होतं. पण जाहिरातीच्या दृष्टीने पाहिलं तर चेंडू भाजपकडे गेलेला होता. मे महिन्यात पुस्तक दाखवलं की प्रश्न उभा राहायचा, ‘हे जाईल का?’ नोव्हेंबरात पुस्तक दाखवलं की प्रश्न उभा राहू लागला, ‘आत काय आहे, रंग लाल का?’ प्रतीक स्वतःच चर्चेचा विषय झालं की ते ज्याच्याकडे बोट दाखवत होतं ती गोष्ट मागे पडते. शिवाय लोकसभेत भाजपला 240वर थांबावं लागलं होतं. चारशेची भीती आता उरली नव्हती. भीतीचं कारण संपल्यावरही तेच प्रतीक धरून ठेवणं ही आघाडीची चूक होती असं मला वाटतं.

खान्देशाच्या राखीव पट्ट्यात त्याच वेळी आणखी एक चिन्ह फिरत होतं, ज्याचा विचार मुंबईतल्या चर्चांत क्वचित होतो. एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचं धनुष्यबाण. पक्षाच्या संदर्भात त्याचा अर्थ काहीही असो, सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरात तीर-कामठा ही भिंतीवर टांगलेली वस्तू आहे. होळीला ती हातात असते, आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत खांद्यावर असते. अक्कलकुवा, साक्री आणि चोपडा या तीन राखीव जागा या चिन्हावर निवडून आल्या. त्यामागे उमेदवार, पैसा, जुनी गटबाजी हे सगळं आहे. चिन्हामुळे जिंकले असं मी म्हणणार नाही. पण यंत्रावर ते चित्र शोधायला तिथल्या मतदाराला कुणाची मदत लागली नसेल. 1951-52च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसच्या बैलजोडीने शेतकऱ्याच्या घरात असाच प्रवेश मिळवला होता.

तिजोरी

18 नोव्हेंबरला, जाहीर प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, राहुल गांधींनी मुंबईच्या पत्रकार परिषदेत एक तिजोरी, म्हणजे इंग्रजीतली ‘सेफ’, ठेवली. तिच्यावर ‘एक हैं तो सेफ हैं’ लिहिलेलं होतं. आतून मोदी-अदानींचं छायाचित्र आणि अदानींच्या पुनर्विकास प्रकल्पातल्या धारावीचा नकाशा बाहेर काढला. भाजपने मोकळी ठेवलेली जागा काँग्रेसने स्वतःच्या अर्थाने भरून दाखवली, आणि ओळीची दुखरी नस ओळखली हे मान्य करायला हवं. कोण सुरक्षित, या प्रश्नाला नाव दिलं.

तरी दोन कारणांनी ते अपुरं पडलं. प्रतिस्पर्ध्याची ओळ उलटवायची तर ती आधी उच्चारावी लागते, आणि प्रचाराच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या मंचावरून भाजपचीच ओळ देशभर पुन्हा ऐकवली गेली. दुसरं, तिजोरीतली भीती धारावीची होती. शहाद्याच्या ऊसवाल्याला, चोपड्याच्या केळीवाल्याला, कापसाचा भाव हमीभावाखाली गेलेल्या अमळनेरच्या शेतकऱ्याला त्यात आपलं काही सापडत नव्हतं. तिजोरीतून मुंबईच्या जमिनीऐवजी कापसाच्या भावाचा कागद निघाला असता, तर खान्देशात त्यावर पारावर बोलणं झालं असतं.

कायदा काय पाहू शकतो

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951च्या कलम 123(3)नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. 2017मध्ये अभिराम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 4 विरुद्ध 3 असा निर्णय देऊन या कलमाचा विस्तार केला. उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेलं आवाहनही त्यात येतं. कलम 127क प्रमाणे पत्रक-पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव लागतं. माध्यम प्रमाणन समित्या दूरचित्रवाणीच्या जाहिराती आधी तपासतात. छापील जाहिरातींना मतदानाच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी ही मंजुरी लागते.

ही सगळी यंत्रणा लिहिलेलं वाचते. धुळ्याच्या ओळीत धर्म, जात, भाषा यांपैकी काहीच लिहिलेलं नव्हतं. तिचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात तयार होत होता, आणि तिथे कुठल्याच समितीचा हात पोचत नाही. पोचावा असंही मी म्हणणार नाही. मनातल्या अर्थांना परवानगी देणारं सरकार कुणालाच नको असेल. म्हणून हे काम पत्रकारांनी, शिक्षकांनी, चौकात बोलणाऱ्यांनी करायचं आहे. सभेला येणाऱ्या नेत्याला एवढंच विचारावं: दादा, ‘एक’मध्ये कोण कोण आलं ते नावं घेऊन सांगा. उत्तर जे येईल ते छापावं. नोव्हेंबर 2024मध्ये बातम्या झाल्या त्या घोषणेच्या आणि प्रतिघोषणेच्या. हा प्रश्न एखाद्या स्थानिक उमेदवाराला जाहीरपणे विचारलेला माझ्या तरी वाचनात आला नाही.

निकालातून काय सिद्ध होतं

20पैकी 19 हा आकडा पाहून जाहिरात यशस्वी म्हणण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. राज्यभर महायुतीला 288पैकी 230च्या घरात जागा मिळाल्या. भाजपच्या एकट्याच्या 132. लाट राज्यभर होती, खान्देशापुरती नव्हती. मतदान 66 टक्क्यांपर्यंत वाढलं, आणि लाडकी बहीण योजनेमुळे बायकांचा प्रतिसाद मोठा होता हे जवळजवळ सगळ्यांनीच नोंदवलं. जळगाव जिल्ह्यात तर मे महिन्यातही भाजपने जळगाव आणि रावेर या लोकसभेच्या दोन्ही जागा प्रत्येकी अडीच लाखांहून अधिक मतांनी जिंकल्या होत्या. तिथल्या 11 जागांसाठी नव्या ओळीची गरज होती असं म्हणता येणार नाही.

ओळीचा परिणाम शोधायचा तर तो धुळे शहरात. 2019ला तिथून एमआयएमचे फारुक शाह निवडून आले होते. 2024ला भाजपचे अनुप अग्रवाल आले. एमआयएमविरोधी मतं एकवटावीत यासाठी जी ओळ होती ती तिथे सर्वांत थेट लागू पडत होती. आणि उलट टोकाला नवापूर. तिथे काँग्रेसचे शिरीषकुमार नाईक अगदी थोड्या मतांनी टिकले, पण त्यांची खरी लढत अपक्षाशी झाली. म्हणजे नवापूरच्या निकालावरून ओळ चालली नाही असंही सिद्ध होत नाही.

माझा अंदाज असा की जाहिरातीने मतदारापेक्षा कार्यकर्त्यावर जास्त काम केलं. मे महिन्यात 3,831 मतांनी हरलेल्या पक्षाच्या कार्यकर्त्याला दारोदार फिरताना काय बोलायचं हे कळत नसतं. योजनेचे पैसे सांगावेत तर ते समोरच्या बाईला त्याच्याआधी माहीत असतात. त्याला एक ओळ हवी होती जी पाच सेकंदांत म्हणता येईल, जिच्यावर कुणी हिशोब मागणार नाही आणि जी मे महिन्याच्या पराभवाला कारणही देईल. ती त्याला धुळ्याच्या मैदानात मिळाली, आणि दोन-तीन दिवसांत तिच्यासोबत दाखवायला पागोट्यांचं पानही मिळालं.

हा अंदाज तपासता येतो. निवडणूक आयोग मतदान केंद्रनिहाय आकडे फॉर्म 20मध्ये प्रसिद्ध करतो. धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेडा या तीन क्षेत्रांचे मे आणि नोव्हेंबरचे असे कागद शेजारी ठेवले, तर कोणत्या केंद्रांवर मतं एकवटली आणि कुठे नुसतं मतदान वाढलं हे दिसेल. ओळ कार्यकर्त्यांमुळे चालली असेल, तर वाढ भाजपची संघटना घट्ट असलेल्या केंद्रांवर ठळक दिसायला हवी. योजनेमुळे असेल, तर बायकांचं मतदान वाढलेल्या केंद्रांवर. धुळे किंवा जळगावच्या एखाद्या महाविद्यालयातल्या राज्यशास्त्राच्या मुलांना एका सत्रात हे काम करता येईल, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.